नोंदवहीतले स्वच्छ हात

ऑडिट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जमाखर्चाच्या वह्या, हिरव्या शाईतल्या खुणा आणि मार्चअखेरीची धांदल उभी राहते. रुग्णालयांत हातांचेही ऑडिट होते असे मी शेजारच्या काकूंना सांगितले, तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली. "अगं, डॉक्टरांनी आणि नर्सांनी हात धुतले की नाही हे बघायला माणूस बसवायचा? ते तर त्यांनी धुतलेच पाहिजेत!" काकूंचे म्हणणे अगदी रास्त आहे. धुतलेच पाहिजेत; आणि तरीही धुतले जात नाहीत, म्हणून तर हा सारा खटाटोप.

मी चौतीस वर्षे शुश्रूषेच्या व्यवसायात काढली. माहेर इंदूरच्या रामबागेतले, नोकरी मध्य प्रदेशातील एका मोठ्या रुग्णालयात, आणि शेवटची काही वर्षे वॉर्डची मुख्य परिचारिका म्हणून. ज्या चुकीविषयी आज लिहिणार आहे, ती सर्वप्रथम माझी स्वतःची आहे, हे आरंभीच सांगून टाकते.

आपल्या घरांत हात धुण्याचे वळण बालपणापासून असते. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच नाही, हे आजीने कान धरून शिकवलेले असते. परंतु या वळणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हात मळले की ते कळते. रुग्णालयात नेमके हेच खरे नसते. रोग्याची चादर सारखी केलेला, नाडी पाहिलेला, पलंगाच्या दांडीला टेकलेला हात डोळ्यांना स्वच्छच दिसतो. त्याला वासही येत नाही. तो तसाच पुढच्या पलंगाकडे जातो, आणि त्याच्याबरोबर काय गेले हे कुणालाही दिसत नाही.

या न दिसणाऱ्या गोष्टीचा हिशेब मांडण्याची कथा निघाली की व्हिएन्नाला जावेच लागते. तेथील सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. बायका एक दिवस या विभागात, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात दाखल करून घेतल्या जात. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांत ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४. दुसऱ्या विभागात ३,७५४ पैकी १०५, म्हणजे शेकडा २.८. इमारत तीच, शहर तेच, हवा तीच. हा फरक गावातल्या बायकांनाही ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हात जोडून विनवीत.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीत जन्मलेला तरुण डॉक्टर या आकड्यांनी अस्वस्थ झाला होता. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला चाकू लागल्याचे निमित्त होऊन वारले, आणि त्यांच्या शरीरात तीच लक्षणे आढळली जी त्या बाळंतिणींच्या शरीरात आढळत. विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींकडे येत. सुइणींचा शवांशी संबंध नसे. सेमेलवाइसने मे महिन्यात दारापाशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि त्यात हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही असा दंडक घातला. १८४८ साली त्याच पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, शेकडा सव्वा.

एवढी कथा पुष्कळांना ठाऊक असते. आमच्या कामाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते ती मधली एक घटना. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडलेली एक बाई पहिल्याच पलंगावर दाखल झाली. तिची तपासणी करून मंडळी साबणाने हात धुऊन पुढच्या पलंगांकडे गेली. त्या खेपेच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा दगावल्या. दारावरचे भांडे होते, नियम पाळला जात होता. परंतु हात वॉर्डात शिरताना धुतले जात होते, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना त्या औषधी पाण्यात बुडत नव्हते. त्यानंतर प्रत्येक रोग्यामागे हात धुण्याचा नियम आला. हात किती वेळा धुतले याहून ते कोणत्या दोन स्पर्शांच्या मध्ये धुतले हा प्रश्न खरा आहे, आणि आजच्या ऑडिटचा सगळा पाया तोच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी. सुई टोचणे, जखम बांधणे यांसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यानंतर. रोग्याला स्पर्श केल्यानंतर. आणि रोग्याला हात न लावता केवळ त्याचा पलंग, स्टूल, सलाईनचा खांब यांना हात लावला तरी त्यानंतर. या पाचांचे तक्ते आज बहुतेक रुग्णालयांच्या भिंतींवर लटकलेले दिसतील. हँडरब, म्हणजे हातावर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण, असेल तर वीस-तीस सेकंदांचे काम. साबण-पाणी असेल तर चाळीस-साठ सेकंदांचे.

ऑडिट करणाराने काय करायचे? एका जागी बसून असे प्रसंग किती आले ते मोजायचे, त्यांपैकी किती वेळा हात स्वच्छ झाले ते मोजायचे, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून शेकडेवारी काढायची. ऐकायला सोपे, पण मेख पहिल्या आकड्यात आहे. हात धुणारा माणूस दिसतो; न धुणारा माणूस म्हणजे काही घडलेच नाही अशी गोष्ट, आणि न घडलेली गोष्ट पाहायला डोळा तयार करावा लागतो. चार नंबरच्या बाईची नाडी पाहून परिचारिका पाच नंबरकडे इंजेक्शन द्यायला गेली. वाटेत एकदा हँडरब चोळले तर चारचे 'नंतर' आणि पाचचे 'पूर्वी' दोन्ही साधले, प्रसंग एकच धरायचा. पण पाचजवळ पोचल्यावर तिने पांघरूण सारखे केले, स्टूल सरकवले आणि मग सुई हातात घेतली, तर सुईपूर्वीचा प्रसंग नवा. सवय नसलेला निरीक्षक येथे हमखास चुकतो, आणि त्याची चूक बहुधा वॉर्डच्या फायद्याचीच होते.

आता आमच्या वॉर्डाकडे येते. तीस पलंगांचा, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा वॉर्ड. हातांचे ऑडिट महिन्यातून एकदा वॉर्डातल्याच मंडळींनी करायचे आणि महिनाअखेरीस तक्ता मेट्रनच्या कार्यालयात पाठवायचा, अशी पद्धत होती. आमचा आकडा दर महिन्याला नव्वदीच्या वर असे. एकदा तर तो सत्त्याण्णव लागला आणि सूचनाफलकावर आमच्या वॉर्डाचे नाव झळकले. मी खोटे लिहा असे कुणालाही सांगितले नव्हते. तरीही तो आकडा खोटा होता, आणि ते कसे घडत गेले हे मला नंतर कळले.

निरीक्षक म्हणून बसणारी परिचारिका ही बाकीच्यांबरोबरच डबा खाणारी. जिने काल आपली रात्रपाळी अदलून-बदलून घेतली, तिच्या नावापुढे चुकल्याची खूण कशी करायची? वरिष्ठ शल्यचिकित्सक राऊंडला आले, आठ पलंगांवर आठ जखमा पाहिल्या आणि हात दोनदाच चोळले, तर बावीस वर्षांच्या मुलीने ते कसे लिहायचे? म्हणून राऊंडच्या वेळी ऑडिट होतच नसे. ते होई दुपारी, वॉर्ड शांत असताना. ज्यांनी हात धुतले त्यांची नोंद होई, ज्यांनी धुतले नाहीत ते नजरेतून निसटत. एखाद्या महिन्यात कामाची घाई फार झाली तर ड्यूटी संपताना, चहाचा कप हातात घेऊन, आठवणीने रकाने भरले जात. खाली सही माझी असे.

हा फुगा फोडला तो डॉक्टरने नव्हे, मेट्रनने नव्हे. आमच्या स्टोअरच्या काकांनी. निवृत्तीला आलेले, मराठी, अक्षर मोत्यासारखे आणि जीभ तिखट. मी मागणीपत्रावर सही करायला गेले होते. फलकावरचा आकडा त्यांनी वाचला होता.

"सिस्टर, अभिनंदन. पण मला एक सांगा, तुमच्या वॉर्डात हात एवढे धुतले जातात, तर माझ्याकडच्या बाटल्या का संपत नाहीत?"

"म्हणजे काय, काका?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. महिन्याभरात आमच्या वॉर्डाने हँडरबच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या नेल्या होत्या. चार बाटल्या म्हणजे दोन लिटर. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर लागते, तेव्हा साडेसहाशेच्या आसपास वेळा हात चोळले गेले. तीस पलंग, तीस दिवस, म्हणजे नऊशे रुग्णदिवस. एका रोग्यामागे दिवसातून एकदाही पुरते नाही! साबणाचे म्हणाल तर बेसिन एकच, वॉर्डाच्या एका टोकाला. शेवटच्या पलंगापासून तेथवर जाऊन दर वेळी कोण हात धुणार होते?

पुढे मला समजले की दर हजार रुग्णदिवसांमागे निदान वीस लिटर हँडरबचा खप ही जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापनातली एक कसोटी आहे. त्या हिशेबाने आमच्या वॉर्डाला महिन्याला अठरा लिटर, म्हणजे छत्तीस बाटल्या लागायला हव्या होत्या. वही बोलते ते माणसे बोलत नाहीत. ज्या कुणा वाचक भगिनी आज एखाद्या वॉर्डाचा कारभार पाहत असतील, त्यांनी ऑडिटचा तक्ता आणि स्टोअरची वही एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. बाटल्या घरी नेल्या जातात, सांडतात, हे सारे धरूनही ही साक्ष उपयोगाची ठरते.

ज्या महिन्यात आम्ही सत्त्याण्णव टक्के होतो, त्याच महिन्यात एका तरुण बाईची सिझेरियनची जखम चिघळली. ती आठवड्यात घरी जायची, ती आणखी तीन आठवडे राहिली. तान्हे मूल गावी आजीपाशी, वरच्या दुधावर. नवरा रोज सकाळी विचारी, "सिस्टर, आज सुट्टी होईल का?" ते जंतू कुणाच्या हाताने लागले हे सांगता येत नाही, ते हातानेच लागले असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण स्टोअरमधून परत येताना मला त्या बाईच्या पलंगावरून जावे लागले, आणि माझी सही मला आठवली.

हा दोष एकट्या आमच्या वॉर्डाचा होता असे मात्र नाही. टोरांटोच्या एका रुग्णालयात यंत्राद्वारे मोजणी करून २०१४ साली जे प्रसिद्ध झाले त्यावरून असे दिसले की, निरीक्षक दिसत असलेल्या बोळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण, तो दिसत नसलेल्या बोळाच्या सुमारे तिप्पट होते. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका पाहणीत विद्यार्थ्यांना गुपचूप निरीक्षणाला बसवले. ओळखीच्या निरीक्षकांना जेथे ८३.७ टक्के आढळले होते, तेथे या विद्यार्थ्यांना ५० टक्केच आढळले. २०१६ सालच्या या पाहणीतले आणखी एक निरीक्षण मला फार बोलके वाटते: वरिष्ठ डॉक्टरने हात स्वच्छ केले तर त्याच्यामागून येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांपैकी ७९.५ टक्के करीत. वरिष्ठाने केले नाहीत तर १८.९ टक्केच. घरात काय आणि वॉर्डात काय, धाकटी माणसे वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे पाहतात.

म्हणजे पाहणारा आला की माणूस सुधारतो आणि गेला की पूर्ववत होतो. मग ऑडिट करूच नये काय? गुपचूप हेर बसवावेत काय? माझ्या मते दोन्ही नव्हे. हेरगिरीने एकदा खरा आकडा मिळेल. पण वॉर्डात संशय शिरला की माणसे एकमेकींना चुका दाखवण्याचेही सोडून देतात.

आमच्याकडे बदल झाला तो जंतुसंसर्ग-नियंत्रणासाठी नव्याने नेमलेल्या एका परिचारिकेमुळे. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी तिला स्टोअरची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही, की माझी कीवही केली नाही. तिने आमचा जुना तक्ता बाजूला ठेवला आणि पहिली गोष्ट केली ती नावांचा रकाना खोडण्याची. परिचारिका, डॉक्टर, आया, वॉर्डबॉय अशी वर्गवारी पुरे, व्यक्ती नको. दुसरे, निरीक्षकांची अदलाबदल. आमच्या मुली पुरुषांच्या वॉर्डात बसायच्या, तिकडच्या आमच्याकडे. एका बैठकीला वीस मिनिटे आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन माणसांवर नजर, कारण त्याहून अधिक जणांचे हात कुणालाच नीट पाहता येत नाहीत. वेळा ठरल्या त्या पहाटेच्या, राऊंडच्या, नातेवाइकांच्या गर्दीच्या आणि रात्रीच्याही. सुरुवातीला दोघी-दोघी शेजारी बसून वेगवेगळे लिहीत आणि नंतर ताडून पाहत. या ताडण्यात जे वाद झाले ते मी विसरणार नाही! पलंगाची दांडी धरली तर तो प्रसंग धरायचा का? हातमोजे घातले होते, मग चालेल का? (चालत नाही. एकच मोजा चार रोग्यांना लावणारा हात हा उघड्या हातापेक्षाही घातक, कारण त्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि तो असतोही, रोगी नसतो.) आठवड्याभरात दोघींचे कागद जुळू लागले.

तिसरी गोष्ट संख्येची. पूर्वी आम्ही दहा-बारा प्रसंगांवर महिन्याचा आकडा काढत असू. दहांत सात आले काय आणि नऊ आले काय, तो फरक नशिबाचाही असू शकतो. दोन महिन्यांची तुलना करायची तर प्रत्येक खेपेस एका विभागातले दोनशे प्रसंग पाहावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. वीस-वीस मिनिटांच्या बैठकांनी ते महिन्यात जमते.

पहिल्या महिन्याचा आकडा अर्ध्याच्याही खाली आला. वरून खुलासा मागणारे पत्र आले: गेल्या महिन्यात सत्त्याण्णव आणि या महिन्यात हे काय? माझ्या हाताखालच्या मुली रडकुंडीला आल्या. ज्या मुलीने प्रामाणिकपणे सर्वांत अधिक 'चुकले' लिहिले होते, तिला कुणीतरी बोलूनही दाखवले. मी खुलाशात एवढेच लिहिले की मागील आकडे माझ्या सहीने गेले होते आणि ते चुकीचे होते, आणि सोबत स्टोअरच्या वहीची नक्कल जोडली. त्या पत्राला उत्तर आले नाही. सेवापुस्तकात मात्र काही लागले नाही, ही मेट्रनची कृपा.

खरा लाभ झाला तो चुकलेल्यांच्या रकान्याचा. सत्त्याण्णव टक्क्यांपासून शिकण्यासारखे काही नसते; अर्ध्या चुका समोर आल्या की त्या कोठे आणि केव्हा होतात ते दिसते. आमच्या बहुतेक चुका बेसिनपासून दूरच्या बाजूला होत्या. तेथे पलंगाच्या पायथ्याशी बाटली अडकवण्याची सोय केली. तारेची कडी, सुताराचे एका दुपारचे काम. दुसरे, स्पर्श केल्यानंतर हात पुष्कळदा स्वच्छ होत होते, स्पर्शापूर्वी मात्र नाही. हे जगभर आढळते आणि ते मनुष्यस्वभावाला धरूनच आहे: नंतर धुतो ते स्वतःसाठी, आधी धुवायचे ते समोरच्यासाठी. अमेरिकेत एका रुग्णालयात केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. हात स्वच्छ ठेवल्याने तुम्ही रोगापासून वाचता असा फलक लावला तर फारसा परिणाम झाला नाही; हात स्वच्छ ठेवल्याने रुग्ण रोगापासून वाचतात असा लावला तेव्हा हँडरबचा खप वाढला. आम्हीही फलकावरचे शब्द बदलले. आणि दिवसाचा निकाल महिनाअखेरीपर्यंत न ठेवता त्याच संध्याकाळी, ड्यूटी बदलताना, सर्वांसमोर सांगू लागलो.

आकडा चढला, पण हळूहळू, आणि मी असेपर्यंत तो पुन्हा नव्वदीला कधी टेकला नाही. बाटल्या मात्र चारावरून तिसाच्या वर गेल्या, आणि स्टोअरचे काका प्रत्येक मागणीपत्रावर, "आता कसं!" म्हणत. या श्रमांनी काय साधते ते एखाद्या लहान वॉर्डात सिद्ध होत नाही. ते जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने दाखवले आहे. तेथे १९९४ ते १९९७ या काळात हातस्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर गेले, आणि रुग्णालयातच जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर उतरले. सहासष्ट! सत्त्याण्णव नव्हे.

गेल्या वर्षी यजमानांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस एका खाजगी रुग्णालयात राहण्याचा योग आला. जुनी खोड जात नाही. वर्तमानपत्राच्या कडेला मी बारीक खुणा करीत बसले होते. दुपारी एक तरुण परिचारिका सलाईन बदलायला आली. केरळची होती, हिंदीत बोलली. तिची नजर त्या खुणांवर गेली.

"आंटी, तुम्ही हातांचं ऑडिट करताय?"

मी ओशाळले. तिने कागद हातात घेऊन वाचला. दोन रकाने, एक झालेल्यांचा, एक चुकलेल्यांचा. चुकलेल्यांत तिची स्वतःचीही एक खूण होती, सकाळच्या इंजेक्शनपूर्वीची. तिने ती मोजली, कागद परत दिला, भिंतीवरच्या बाटलीतून द्रावण घेऊन हात चोळले आणि मग सलाईनला हात घातला.

"आता वॉर्ड रिकामा आहे, आंटी," जाताना ती म्हणाली, "मोठे डॉक्टर उद्या साडेदहाला राऊंडला येतात. तेव्हा बसा."

मी बसले.